न्यायसभेतला धर्म

धर्मशास्त्र म्हटले की मराठी वाचकापुढे बहुधा दोनच गोष्टी येतात. एक मनुस्मृती. तिच्याविषयी मत प्रत्येकाला असते, पण ती वाचलेली फार थोड्यांनी असते. दुसरी म्हणजे निर्णयसिंधू किंवा धर्मसिंधूचा हवाला देऊन घरचे गुरुजी सांगतात ते श्राद्धपक्षाचे आणि सोयरसुतकाचे नियम. या दोहोंच्या मधला फार मोठा मुलूख आपल्या वाचनातून सुटून गेला आहे. उसने घेतलेले पैसे कोणी बुडवले तर काय करायचे, दोन गावांची हद्द कशी ठरवायची, साक्षीदार पारखायचा कसा, बापाच्या पश्चात घर कसे वाटायचे, विकत घेतलेला बैल अधू निघाला तर तो किती दिवसांत परत करता येतो, हे सगळे धर्मशास्त्रच आहे. शास्त्रकार त्याला 'व्यवहार' म्हणतात. याज्ञवल्क्यस्मृतीचा व्यवहाराध्याय आणि त्यावरची विज्ञानेश्वराची मिताक्षरा यांच्या आधाराने त्या मुलुखाची ओळख करून द्यावी, एवढ्यासाठी हे पुस्तक आहे.

मनूऐवजी याज्ञवल्क्य का, हा प्रश्न रास्त आहे. मनुस्मृती जुनी आणि मानमान्यतेने मोठी, पण तिचे बारा अध्याय सृष्टीच्या उत्पत्तीपासून मोक्षापर्यंत पसरलेले आहेत. कज्जांचे अठरा विषय आठव्या-नवव्या अध्यायांत येतात आणि तिथेही विषयाला फाटे फुटत राहतात. याज्ञवल्क्याने हजाराच्या आसपास श्लोकांत आचार, व्यवहार आणि प्रायश्चित्त असे तीन स्वच्छ भाग पाडले. व्यवहाराला त्यातले तीनशेच्या थोडे वर श्लोक आले. वाक्ये आटोपशीर, पायऱ्या क्रमवार. न्यायसभेत बसणाऱ्या माणसाच्या हाती द्यावी अशी ही रचना आहे, आणि प्रत्यक्षातही तसेच घडले. पुढे शतकानुशतके टीकाकार वळले ते याज्ञवल्क्याकडे. त्यांतला एक उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातला राजा अपरार्क. त्याच्या टीकेला मान मिळाला तो थेट काश्मिरात. सर्वांत थोर ठरला तो विज्ञानेश्वर. चालुक्य सम्राट सहावा विक्रमादित्य याच्या कारकिर्दीत, इसवी सन ११०० च्या सुमारास, कल्याणीत म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला बसून त्याने मिताक्षरा लिहिली.

एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. हे ग्रंथ कोणा राजाने काढलेले कायदे नव्हेत. लिहिणारे विद्वान ब्राह्मण होते. त्यांच्या हाती ना फौज होती ना खजिना. ते राजाला सांगत होते की तुझे कर्तव्य काय. म्हणून या ग्रंथांत राजाला दिलेली ताकीद वारंवार भेटते. ज्या अपराधाला सामान्य माणसाला एक कार्षापण दंड, त्याला राजाला हजार, असे मनू सांगतो. चोरीला गेलेला माल राजाने शोधून मूळ धन्याला दिला पाहिजे, नाहीतर पाप राजाच्या माथी, असे याज्ञवल्क्य म्हणतो. माल सापडला नाही तर स्वतःच्या कोषातून भरपाई कर, असे गौतमाच्या धर्मसूत्रात आहे. अन्यायाने वसूल केलेला दंड तीसपट करून राजाने वरुणाला अर्पण करावा आणि ब्राह्मणांना द्यावा, या श्लोकावर तर व्यवहाराध्याय संपतो. या आज्ञा किती राजांनी पाळल्या हा प्रश्न वेगळा. पण सत्तेच्या वर काहीतरी आहे आणि ते शब्दांत मांडता येते, हा आग्रह या परंपरेने सोडला नाही. मला तो तिचा सर्वांत मोलाचा वारसा वाटतो.

खटला कसा चालवायचा, हा भाग वाचताना आजचा वकील चकित होईल. फिर्यादीची भाषा म्हणजे तक्रार, प्रतिवादीचे उत्तर, पुरावा आणि निर्णय असे खटल्याचे चार पाय. स्मृतिकार कात्यायनाच्या मते फिर्याद आधी फळ्यावर किंवा जमिनीवर खडूने लिहायची, तिच्यातले कमी-जास्त दुरुस्त करायचे आणि मग ती पक्क्या पत्रावर उतरवायची. एकदा उतरली की फिर्यादीला शब्द फिरवता येत नाही. उत्तराचेही चार प्रकार: कबुली, इन्कार, 'घेतले होते पण फेडले' अशा जातीचे कारण, आणि 'हा वाद पूर्वीच निकालात निघाला आहे' हा प्राङ्न्याय. पुराव्यात लेख, भोग म्हणजे कबजा, आणि साक्षीदार हे तीन मानवी. हे तिन्ही नसतील तरच दिव्य: तराजू, अग्नी, पाणी, विष आणि कोश म्हणजे देवाचे तीर्थ पिणे. दिव्याचे आज समर्थन होऊ शकत नाही, पण शास्त्रकारांनी त्याला सर्वांत शेवटची जागा दिली हे नजरेआड करू नये. आपल्याकडे मराठेशाहीतही वतनाचे वाद गोतसभेपुढे आणि मजलसीपुढे चालत, कागद आणि साक्षी पुऱ्या पडल्या नाहीत की कढत्या तुपा-तेलातून धातूचा तुकडा काढण्याचे रवादिव्य होई, आणि महजर म्हणजे निकालपत्र लिहिले जाई. त्या महजरांची भाषा मोडी मराठीची, फारसी शब्दांनी भरलेली. कामाची चौकट मात्र पुष्कळशी हीच.

कबजाचा नियम मुद्दाम थांबून वाचावा असा आहे. धनी डोळ्यांदेखत पाहतो आहे, हरकत घेत नाही, आणि परका वीस वर्षे जमीन किंवा दहा वर्षे जंगम वस्तू वापरतो आहे, तर धन्याची हानी होते, असे याज्ञवल्क्य सांगतो. हानी कशाची? शब्दशः वाचले तर मालकीची. विज्ञानेश्वर ते मान्य करीत नाही. नुसते गप्प राहिल्याने मालकी जात नाही, जाते ते मधल्या काळातले उत्पन्न, असा अर्थ तो लावतो आणि त्यासाठी पानेच्या पाने युक्तिवाद करतो. टीकाकार मुळाचा आदर राखून मुळाला कसे वळवतात, त्याचा हा उत्तम नमुना. दोन स्मृतींत विरोध आला तर न्याय, म्हणजे व्यवहाराला धरून केलेला विचार, बलवान असे खुद्द याज्ञवल्क्यानेच सांगून ठेवले आहे. स्मृतिकार बृहस्पती त्याही पुढे जातो. केवळ शास्त्राच्या अक्षराला धरून निर्णय देऊ नये, युक्ती सोडून केलेल्या विचाराने धर्माचीच हानी होते, असा त्याचा इशारा आहे.

कर्जाचा भाग तर मराठी माणसाला परका वाटणारच नाही. तारण असेल तर महिन्याला मुद्दलाचा ऐंशीवा हिस्सा, म्हणजे शेकडा सव्वा व्याज. तारण नसेल तर ऋणको कोणत्या वर्णाचा ते पाहून शेकडा दोन ते पाच. जो खालच्या वर्णाचा त्याला दर चढा. रानावनातून माल नेणाऱ्याला शेकडा दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस, कारण जोखीम मोठी. आणि या सगळ्यावर लगाम असा की साचलेले व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये. आपण दामदुपट म्हणतो ती हीच. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हिंदू ऋणकोच्या बाजूने हा नियम मानला, आणि स्मृतीतला एक श्लोक सावकाराच्या वहीसमोर आडवा उभा राहिला.

पण व्यवहार म्हणजे पूर्ण धर्म नव्हे, हेही शास्त्रकार विसरत नाहीत. माणसे धर्माने वागत होती तेव्हा न्यायसभाच नव्हत्या, धर्म उणावला तेव्हा व्यवहार आला, अशी नारदस्मृतीची सुरुवात आहे. म्हणजे न्यायालय हे मुळातच माणसाच्या उणिवेवरचा उपाय. त्याच्या पलीकडे अहिंसा, सत्य, अस्तेय, शौच, इंद्रियनिग्रह, दान, दम, दया, क्षमा ही याज्ञवल्क्याची यादी आहे, आणि ती सर्वांसाठी आहे असे तो स्पष्ट म्हणतो. गौतमाने चाळीस संस्कार मोजले, मग दया, क्षमा, अनसूया इत्यादी आठ आत्मगुण मोजले, आणि नि:संदिग्ध निवाडा दिला: चाळीसही संस्कार झाले पण हे आठ गुण नाहीत, त्याला ब्रह्मसायुज्य नाही, संस्कार थोडेच झाले पण गुण आहेत, त्याला ते मिळते. कर्मकांडाच्या ग्रंथात बसलेला हा निवाडा आहे. आपस्तंब आपल्या धर्मसूत्राच्या शेवटी काहींचे मत म्हणून सांगतो की राहिलेला धर्म स्त्रियांकडून आणि सर्व वर्णांच्या लोकांकडून समजून घ्यावा. हे असे भाग वाचले की मनात येते, या परंपरेला आपल्याच सर्वोत्तम वाक्यांप्रमाणे चालणे का जमले नाही?

या पुस्तकाचा गाभा माझ्या मते या प्रश्नाशी आहे. विज्ञानेश्वराच्या दोन युक्तिवादांत त्याचे उत्तर शोधता येते.

पहिला युक्तिवाद मालकीविषयी. एखादी वस्तू माझी आहे हे मला शास्त्र सांगते की लोकव्यवहार? विज्ञानेश्वर म्हणतो, लोकव्यवहार. कारण सरहद्दीवर राहणारे, शास्त्राचा गंध नसलेले लोकही खरेदी-विक्री करतात, म्हणजे त्यांनाही मालकी ठाऊक आहे. बाराव्या शतकाच्या तोंडाशी एक संस्कृत पंडित मालकीचा पाया ठरवताना वेद न जाणणाऱ्या सीमेवरच्या माणसाला साक्षीला बोलावतो. मुलाला बापाच्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतःच हक्क आहे हा त्याचा सुप्रसिद्ध सिद्धान्त याच पायावर उभा आहे. बंगालमध्ये जीमूतवाहनाने दायभागात तो नाकारला, आणि पुढची कित्येक शतके हिंदुस्थान वारशाच्या बाबतीत या दोन ग्रंथांत वाटला गेला.

दुसरा युक्तिवाद वाटणीविषयी. थोरल्या भावाला जास्त वाटा द्यावा असे स्मृतिवचन आहे. विज्ञानेश्वर ते वचन खोटे म्हणत नाही, प्रक्षिप्त म्हणत नाही. तो म्हणतो, वचन आहे, पण लोकांना ते आवडेनासे झाले आहे, म्हणून ते आचरू नये. दाखला म्हणून तो आलेल्या श्रोत्रियासाठी मोठा बैल देण्याच्या जुन्या विधीकडे बोट दाखवतो. तेही वचन आहे, पण कोण करतो? नियोगाचेही, म्हणजे निपुत्रिक विधवेने दिराकडून संतती मिळवण्याच्या चालीचेही, तसेच. जे लोकांना विटले ते धर्म्य असले तरी टाकावे, ही मुभा याज्ञवल्क्यानेच आचाराध्यायात दिली होती. विज्ञानेश्वराने तिचे हत्यार केले आणि भावाभावांत समान वाटणी आणली. शास्त्र बदलू शकत नाही असे म्हणणाऱ्यांनी हे पान वाचलेले नसते.

आता व्यवहाराध्यायातलाच आणखी एक श्लोक पाहा. विकत घेतलेली वस्तू पारखून परत करण्याची मुदत: बियाणे दहा दिवस, लोखंड एक, ओझ्याचे जनावर पाच, रत्ने सात, दासी एक महिना, दुभते जनावर तीन दिवस, दास पंधरवडा. रत्ने आणि दुभती गाय यांच्यामध्ये एक बाई उभी आहे, आणि श्लोकाचा ओघ जराही अडखळत नाही. शिवीगाळ आणि मारहाणीच्या प्रकरणांत शूद्राला मनूने सांगितलेल्या शिक्षा, जीभ छाटण्यापर्यंतच्या, सर्वांना माहीत आहेत. याज्ञवल्क्य पुष्कळ ठिकाणी सौम्य आहे, पण वर्ण पाहून दंड कमी-जास्त करण्याचे तत्त्व त्याने सोडलेले नाही. चोरीच्या बाबतीत उलट चाल दिसते. शूद्र चोराचा दोष आठपट, वैश्याचा सोळापट, क्षत्रियाचा बत्तीसपट, ब्राह्मणाचा चौसष्ट किंवा त्याहून जास्त, कारण त्याला कळते, असे मनूचे वचन आहे. समर्थक हे वचन पुढे करतात आणि विरोधक जिभेचे. दोन्ही वचने एकाच अध्यायात आहेत आणि दोन्ही वाचली पाहिजेत. पण ती एकमेकांना फिटतात असे समजू नये. चोरीचा नियम जाणत्याची जबाबदारी वाढवतो. शिवीचा नियम न जाणत्याचे शरीर तोडतो.

तर मग लोकांना विटलेले टाकावे हे हत्यार इथे का चालवले गेले नाही? थोरल्या भावाचा जादा वाटा लोकांना विटला, तो गेला. दासीची विक्री, शूद्राची शिक्षा विटली नाही? ज्यांच्यावर ती कोसळत होती त्यांना ती विटलेलीच असणार. पण विज्ञानेश्वराच्या हिशेबात ज्यांची नावड प्रमाण ठरते, त्या लोकांत ती माणसे नव्हती. सीमेवरच्या निरक्षर माणसाचा व्यवहार त्याला पुरावा म्हणून चालला. घरातल्या दासीची नावड त्याच्यापर्यंत पोचली नाही. या परंपरेत युक्तीची कमतरता नव्हती. कमतरता होती ती कोणाचे म्हणणे ऐकायचे याची. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली, आणि दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. मी त्या घटनेकडे असे पाहतो: ज्यांना कधी मोजले गेले नव्हते त्यांनी आपली नावड जाहीर केली. धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने महाडला परंपरेबाहेरचा हल्ला समजू नये. परंपरेने स्वतःच मान्य केलेल्या कसोटीवर दिलेला तो निवाडा होता, फक्त निवाडा देणारे नवे होते.

देशोदेशीच्या रीती वेगळ्या, हे मात्र शास्त्रकारांनी फार लवकर ओळखले. धर्मसूत्रकार बौधायन दक्षिणेकडच्या पाच आणि उत्तरेकडच्या पाच वादग्रस्त चाली मोजतो. दक्षिणेकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न, बायकोबरोबर एका पानात जेवणे. उत्तरेकडे लोकर विकणे, मद्य पिणे, समुद्रावर जाणे. आपल्याकडे मामेबहिणीशी लग्न आजही कित्येक समाजांत होते, त्यांना या यादीत आपण सापडू. जिंकलेल्या मुलखातले आचार, व्यवहार आणि कुळाच्या रीती तशाच पाळाव्यात, असे याज्ञवल्क्य राजाला बजावतो.

हे लवचीक शास्त्र ताठ कसे झाले, त्याची कथा थोडक्यात अशी. १७७२ साली बंगालचा गव्हर्नर वॉरन हेस्टिंग्ज याने वारसा, लग्न आणि धर्म यांच्या बाबतीत हिंदूंना शास्त्र लावायचे ठरवले. विल्यम जोन्सचे मनूचे भाषांतर १७९४ मध्ये, कोलब्रुकचे मिताक्षरेतल्या दायविभागाचे आणि दायभागाचे १८१० मध्ये आले. न्यायालयांत पंडित नेमलेले होते. १८६४ मध्ये त्यांची पदे गेली आणि भाषांतर व पूर्वीचे निकाल एवढेच उरले. शास्त्र चालते राहायचे ते नव्या टीकांनी. नवी टीका लिहिणाराच उरला नाही. मुंबई इलाख्यात त्यातल्या त्यात बरे घडले, कारण गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळात आर्थर स्टीलने दख्खनमधल्या जातींच्या रूढी विचारून १८२७ मध्ये त्यांचा संग्रह छापला. सिद्ध झालेली रूढी ग्रंथवचनापेक्षा वरचढ, हे प्रिव्ही कौन्सिलने १८६८ मध्ये मान्य केले. याज्ञवल्क्याला त्यात नवे काही वाटले नसते.

मुंबईला आणखी एक लाभ होता: व्यवहारमयूख. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातला नीलकंठ त्याचा कर्ता, काळ सतराव्या शतकाचा पूर्वार्ध. निर्णयसिंधूचा कर्ता कमलाकर याच घराण्यातला, आणि १६७४ साली शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही. मयूखाने वारसांच्या क्रमात बहिणीला वरचे स्थान दिले. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात मयूख श्रेष्ठ मानला गेला, बाकी महाराष्ट्रात मिताक्षरा पुढे आणि मयूख तिच्या मागे. विज्ञानेश्वराने स्त्रीधनाची यादी केवळ उदाहरणादाखल मानून वारशाने, खरेदीने, वाटणीने आलेले सगळे त्यात धरले होते. इतर इलाख्यांत ते टिकले नाही, पण मुंबईत बापाकडून आलेल्या मिळकतीवर मुलीची पूर्ण मालकी मानली गेली.

याच मयूखाची संपादित आवृत्ती भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांनी १९२६ मध्ये काढली. तिच्या प्रस्तावनेसाठी म्हणून त्यांनी धर्मशास्त्राचा इतिहास जमवायला घेतला, आणि त्यातून भांडारकर संस्थेने १९३० ते १९६२ या काळात छापलेला पाच खंडांचा ग्रंथ उभा राहिला. कात्यायनाची हरवलेली स्मृती त्यांनी इतर ग्रंथांतली अवतरणे वेचून १९३३ मध्ये पुन्हा जुळवली. वाईच्या प्राज्ञपाठशाळेने तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली धर्मकोशाचे व्यवहारकांड १९३७ पासून काढले; त्यात एकेका विषयावरची सगळी वचने आणि टीका एका जागी मिळतात. या दोघांच्या कामावाचून हे पुस्तक शक्य नव्हते.

हा विषय केवळ जुना नाही, हे कळायला तलाठ्याच्या दप्तरातल्या वारसनोंदींकडे पाहावे. विज्ञानेश्वराचा जन्मसिद्ध हक्क हिंदू संहितेच्या विधेयकात काढून टाकायचा होता. १९५६ च्या वारसा कायद्याने तो राखला, पण मुलग्यांपुरता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये तो मुलींनाही दिला, कायद्यापूर्वी लग्न झालेल्यांना वगळून. २००५ मध्ये संसदेने तो देशभर दिला आणि ती अटही गेली, आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की २००५ साली बाप हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्माने आहे. नऊशे वर्षांपूर्वीचा सिद्धान्त जसाच्या तसा उरला. फक्त तो ज्यांना लागू होतो ती माणसे वाढली.

वाचकाला एक विनंती. पुस्तक पहिल्या पानापासून सुरू करण्याची गरज नाही. ऋणादान म्हणजे कर्जाचे प्रकरण आधी वाचा, ते सोपे आहे आणि ओळखीचे वाटेल. मग साक्षीप्रकरण. दायविभागाला सवड काढा, कारण तिथे मिताक्षरा सर्वांत खोल जाते आणि एकेक पान दोनदा वाचावे लागते. वाक्पारुष्य आणि दंडपारुष्य, म्हणजे शिवीगाळ आणि मारहाण, ही प्रकरणे वगळू नका. त्यांतले काहीही सौम्य केलेले नाही.